मधल्या ताईंचा ‘जरा’

मधल्या ताईंना मधल्या ताई का म्हणत, याची दोन कारणं होती आणि दोन्ही खरी होती. एक म्हणजे कवळ्या बनवण्याच्या त्या कारखान्यात त्यांचं टेबल बरोबर मधोमध होतं. दुसरं म्हणजे त्या टेबलाच्या डावीकडे बसणारे मास्तर आणि उजवीकडच्या काचेपलीकडे उभे राहणारे पहिलवान नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते ताईंमार्फत.

कारखाना म्हणायचा एवढंच. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची ती एक लांबट खोली होती. तिला तीन खिडक्या, त्यातली एक कधीच न उघडणारी. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि इथून त्यांना दात जायचे. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत, वरचे वेगळे आणि खालचे वेगळे. नवीन माणूस आत आला की दचकायचा. जुन्यांना त्याचं काही वाटत नसे. डबा खाताना समोर चाळीस जबडे आ वासून बसलेले असले तरी घास अडत नसे.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून ते गुलाबी मेणात एकेक दात रोवायचे आणि ओळ केसभर वाकडी गेली की स्वतःलाच मोठ्यानं रागवायचे, म्हणून मास्तर. वय एकसष्ट. पहिलवान तर नुसते नावालाच, अंगानं काडी. पण मेणाचा साचा पितळी डबीत घालून, मेण वितळवून, त्या जागी हिरडीचा गुलाबी लगदा भरून ती डबी यंत्राच्या दांडीखाली आवळायची, हे काम त्यांचं. दांडी ओढताना ते असा काही चेहरा करायचे की समोर कुणी तगडा गडी चीत होतोय असं वाटावं. पुढचं घासणं आणि चकाकी आणणंही त्यांच्याकडेच. त्या धुळीसाठी मध्ये काचेचा आडोसा घातला होता. त्यामुळे मास्तर आणि पहिलवान एकमेकांना दिवसभर दिसत, पण घासायच्या मोटारीच्या घरघरीत ऐकू काही येत नसे. ही सोय कुणी मुद्दाम केली नव्हती, पण भांडणाला ती फार मानवली.

ताईंचं काम दोघांच्या मधलं. दातांची छटा जुळतेय का पाहायची, आणि शेवटी चावा तपासायचा. वरचा आणि खालचा जबडा बिजागरीच्या यंत्रावर बसवायचा, मध्ये निळा कागद धरायचा आणि टकटक मिटवून बघायचं. जिथं दात जास्त टेकतो तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच कण घासायचा, पुन्हा कागद, पुन्हा ठिपका. सगळे ठिपके सारखे झाले की माणूस सुखानं चावू शकतो. ताईंचा हात यात असा बसला होता की डॉक्टर ठशाबरोबर चिठ्ठी जोडायचे, ‘चावा ताईंनीच बघावा.’

भांडण सुरू झालं तेही चाव्यावरूनच. एका म्हाताऱ्या बाईंची कवळी परत आली. का, तर तोंडच मिटेना. तेव्हा ताई रजेवर होत्या आणि कवळी न तपासता गेली होती. मालकीणबाईंनी विचारलं, चूक कुणाची? मास्तर म्हणाले, यानं डबी आवळली नाही, लगदा जास्त भरला, दात वर आले. पहिलवान म्हणाले, मेणातच दात उंच लावले होते. इथवर ठीक होतं. पण मग मास्तर म्हणाले, “याच्या हातांना बुद्धीच नाही.” त्यावर पहिलवान म्हणाले, “डोळ्यांना दिसत नसेल तर घरी बसावं माणसानं.” मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा महिनाच झाला होता आणि आपल्या हातचं काम जाईल या भीतीनं त्यांना झोप लागत नव्हती. पहिलवानांना हे ठाऊक नव्हतं. उलट पहिलवानांनी शाळा चौथीत सोडली होती आणि ‘बुद्धी’ हा शब्द त्यांना कुठं लागतो हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. दोघांनी एकमेकांवर दात धरला. कवळ्यांच्या कारखान्यात हे म्हणजे जरा अतिच झालं, पण खरं तेच.

दुसऱ्या दिवशी मास्तर ताईंना म्हणाले, “ताई, सांगा त्याला. डबी आवळायला हात दुखतात का म्हणावं.”

ताई उठल्या, काचेचं दार ढकलून आत गेल्या आणि म्हणाल्या, “मास्तर विचारतायत, डबी जरा घट्ट आवळाल का? मागच्या वेळी चावा जरा वर आला होता.”

पहिलवानांनी मोटार बंद केली. “सांगा त्यांना, मेण काय फुकट येतं? या हिरड्या आहेत की उशा?”

ताई परत आल्या. “पहिलवान म्हणतायत, हिरडी जरा पातळ ठेवलीत तर त्यांना घासायला जरा सोपं जाईल.”

मास्तरांनी काचेतून पाहिलं. पहिलवानांनी पाहिलं. दोघांनीही मान एवढीशी हलवली. काम पुढं गेलं.

बस, तिथून नऊ वर्षं हेच. जाताना जो निरोप तिखटजाळ असे तो ताईंच्या चार पावलांत निवून जाई. शिव्या गळून पडत आणि त्यांच्या जागी ‘जरा’ येई. जरा बघाल का, जरा सावकाश, जरा राहिलंय. ताईंनी हे ठरवून केलं नव्हतं. निळ्या कागदावर ठिपका दिसला की हात आपोआप घासणीकडे जातो, तसं ते होत गेलं. आणि हेही सांगितलं पाहिजे की त्या नऊ वर्षांत एकही कवळी चाव्यासाठी परत आली नाही. मालकीणबाई पाहुण्यांना अभिमानानं सांगत, “आमच्याकडे वादच नाहीत.” मालकांना हे असंच वाटत असतं.

लहानपणापासून ताईंना दुसरं काही येतच नव्हतं. घरीही त्या मधल्याच. वर भाऊ, खाली बहीण. आई आणि बाबा एका घरात राहत, पण आपसात बोलत नसत. “बाबांना सांग, वाढलंय.” “आईला सांग, भूक नाही.” सात-आठ वर्षांची पोर स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आणि पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची. भावाच्या अंगात ती चिकाटी नव्हती आणि बहीण इतकी लहान की तिला अजून बोलताही येत नव्हतं. मधली पोर सांगायची, “बाबा, आई म्हणतेय, तुमच्यासाठी गरम ठेवलंय.” आई असं काहीही म्हणालेली नसे. पण बाबा उठून जेवायला येत. पोरीला वाटे, आपल्याला जादू येते.

अकराव्या वर्षी शाळेची तीन दिवसांची सहल गेली. ती परत आली तेव्हा खुंटीवरचा बाबांचा कोट नव्हता आणि पलंगाखालची बॅगही नव्हती. आई भांडी घासत होती. पोरीनं विचारलं, “काय झालं?” आई मागं न बघता म्हणाली, “आम्ही बोललो.”

त्या दोन शब्दांनी ताईंच्या मनात जे घर केलं ते पन्नाशी उलटली तरी निघालं नाही. माणसं समोरासमोर बोलली की घर मोडतं. मध्ये कुणीतरी हवं. आणि ते कुणीतरी सहलीला गेलं की संपलं.

आता ताई दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. भाऊ परदेशी, बहीण चार तासांवर. रविवारी फोन यायचा, पाच मिनिटांचा, त्यात हवेची चौकशी सर्वांत लांब. आई गेल्यापासून घरात दोन खुर्च्या होत्या आणि एकीवर कपडे असत. संध्याकाळी कुलूप उघडलं की ताई रेडिओ लावायच्या, ऐकायला नव्हे, कुणीतरी बोलतंय म्हणून. कधीकधी भाजी चिरताना त्या मोजायच्या, आज आपल्याशी कोण काय बोललं. मास्तर अकरा वेळा बोलले, पहिलवान नऊ वेळा. दोघांचेही शब्द दुसऱ्यासाठी होते, पण कानावर तर आपल्याच पडले. एवढ्यावर त्यांचा दिवस भरायचा. हे वाचून कुणाला दया येईल. ताईंना तशी दया आवडली नसती, पण खोटं सांगण्यात अर्थ नाही.

या सगळ्यात एक गोष्ट अशी होती जी ताईंनी कुणाला सांगितली नव्हती.

चार वर्षांपूर्वी मास्तरांची बायको गेली. बरेच दिवस आजारी होती. मास्तर आठ दिवसांनी कामावर आले, खुर्चीत बसले आणि मेणात दात रोवू लागले. त्या दिवशी त्यांनी स्वतःला एकदाही रागावलं नाही. दुपारी काचेपलीकडची मोटार बंद झाली आणि पहिलवान स्वतः चालत ताईंच्या टेबलाशी आले. हात पुसत उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “त्यांना विचारा, मी घरी येऊन गेलो तर चालेल का. नुसता बसून येईन. बोलायलाच पाहिजे असं नाही.”

त्या निरोपात घासण्यासारखं काही नव्हतं. ताई उठल्या. चार पावलं चालल्या. मास्तरांनी सुजलेले डोळे वर केले. “काय म्हणतोय?”

“काही नाही,” ताई म्हणाल्या. “गुलाबी मेण आहे का विचारतायत.”

“आहे म्हणावं.”

ताई काचेचं दार ढकलून आत गेल्या आणि पहिलवानांना म्हणाल्या, “बघू, म्हणाले.”

पहिलवानांनी आठ दिवस वाट पाहिली. रोज काचेतून पाहत. मग एके सकाळी त्यांनी नवी डबी आवळली आणि म्हणाले, “ताई, सांगा त्या दगडाला, दात नीट रोव.” तिथून पुढचे निरोप आधीपेक्षा दुप्पट तिखट झाले आणि ताईंना ‘जरा’ही दुप्पट घालावा लागला.

असं का केलं, याचं उत्तर ताईंनी आधी स्वतःला सोपं दिलं. समोरासमोर आले असते तर भडका उडाला असता, त्यापेक्षा बरं. पण त्याच संध्याकाळी रेडिओ लावताना खरं उत्तर पुढं आलं. ते दोघं एका खोलीत बसले असते तर दुसऱ्या दिवसापासून आपल्या टेबलाशी कोण थांबलं असतं? ताईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी रेडिओ बंद केला. मग शांतता सहन होईना म्हणून पुन्हा लावला.

त्यानंतर चार वर्षं ताई एकाच गोष्टीला घाबरून होत्या. हे दोघं कधीतरी बोलतील.

आणि तशी वेळ आली, ती एका तापामुळे. ताई दोन दिवस अंथरुणाला खिळल्या. निरोप्या नाही, म्हणून मास्तरांनी प्लॅस्टरच्या जबड्यावरच पेन्सिलीनं लिहिलं, ‘अक्कल वापरा.’ डबी उघडून तयार कवळी जबड्यावरून काढली तेव्हा पहिलवानांनी त्याखाली लिहिलं, ‘तुमच्याकडे उरली असेल तर द्या.’ पुसायचं दोघंही विसरले. तयार कवळी त्या जबड्यावर बसवूनच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी ती कौतुकानं रुग्णाच्या हातात दिली. रुग्ण रिटायर झालेला मोठा अधिकारी. त्यानं चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि त्याला वाटलं हे आपल्यालाच उद्देशून आहे. दुपारपर्यंत मालकीणबाईंचा फोन तापला.

पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंनी समुपदेशक बोलावल्या. तिशीची, शांत चेहऱ्याची बाई, खांद्याला कापडी पिशवी. कारखान्यात त्यांचं नाव एका दिवसात ‘मनवाल्या बाई’ पडलं. त्या प्रत्येकाशी अर्धा तास एकेकटं बोलल्या. पहिलवान बाहेर येऊन म्हणाले, “त्या म्हणतात राग वाईट नसतो, त्याच्याखाली काय दबलंय ते बघायचं. मी म्हटलं, बाई, दाबायचं कामच माझं.” आणि स्वतःच हसले. पण नंतर बराच वेळ मोटार सुरू झाली नाही.

ताईंची पाळी आली. मनवाल्या बाईंनी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“मास्तरांना वाटतं की आपल्या कामाची कदर…”

“ते मला मास्तरांनी सांगितलं. तुम्हाला?”

“पहिलवान बोलतात कडक, पण मनानं…”

“ताई,” त्या बाई हळूच म्हणाल्या, “तुम्हाला.”

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. “मला उशीर होतोय,” त्या म्हणाल्या. सकाळचे अकरा वाजले होते.

मनवाल्या बाईंनी ते ताणलं नाही. फक्त निघताना म्हणाल्या, “हे भांडण उद्या मिटलं तर तुमचं काय होईल, असं कधी मनात येतं का?” ताईंना वाटलं, हिला कुणी सांगितलं? कुणी सांगितलं असणं शक्य नव्हतं.

शुक्रवारी मालकीणबाईंच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. तिसरी मनवाल्या बाईंची. ताईंना त्यांनी मुद्दाम मागं, कपाटाजवळ बसवलं. “आज निरोप नाहीत,” त्या म्हणाल्या. “एकमेकांकडे बघून बोलायचं. ‘त्यांना सांगा’ म्हणायचं नाही.”

मास्तरांनी घसा साफ केला, मान वळवून कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, त्याला सांगा की…”

“मास्तर,” मनवाल्या बाई म्हणाल्या.

नऊ वर्षांत ती दोन माणसं इतक्या जवळ बसली नव्हती. मोटारीची घरघर नव्हती. पहिलवान पँटवरची गुलाबी धूळ झटकत राहिले. पहिलं काम सोपं होतं. समोरच्याची चांगली वाटलेली एक गोष्ट सांगायची. एकच.

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, “मी काहीही बोललो तरी तू उलटून कधी हुकूम सोडला नाहीस. दर वेळी ‘जरा’ म्हणालास. हिरडी जरा पातळ ठेवा. जरा लवकर द्या. मला वाटायचं, एवढं घालूनपाडून बोललो तरी हा माणूस माझा मान ठेवतो. निदान त्या एका शब्दामुळे मला तुझा तिटकारा नाही आला.”

पहिलवान त्यांच्याकडे बघतच राहिले. “मी? जरा?” त्यांचा आवाज चिरका झाला. “आयुष्यात कधी म्हटलं नाही मी तसं. तुम्हीच म्हणायचात. जरा घट्ट आवळाल का. मला वाटायचं, मास्तर शिकलेले, तेव्हा शिकल्यासारखं बोलतात.”

“मी म्हणायचो हात दुखतात का!”

“आणि मी म्हणायचो हिरड्या आहेत की उशा!”

दोघांच्याही माना एकदमच कपाटाकडे वळल्या.

ताईंनी पदर हाताभोवती घट्ट गुंडाळला होता. मनवाल्या बाई गप्प बसल्या, आणि हे त्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे, त्या वेळी गप्प बसणं सोपं नव्हतं. पहिलवानांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग हसू फुटेल असं वाटलं. मास्तर मात्र हसले नाहीत. “म्हणजे ज्याच्यावरचा राग मी हळूहळू सोडला, तो माणूस हा नाहीच,” ते म्हणाले.

“जाऊ द्या हो मास्तर,” पहिलवान म्हणाले. “चांगल्यासाठीच केलं त्यांनी. मी पण साफ बोलतो आता. मला शिव्यांचं काही नाही. एकच गोष्ट तुमची मला सलत राहिली. तुमच्या घरी ते झालं तेव्हा मी विचारलं होतं, येऊन बसू का. तुम्ही म्हणालात, बघू. आठ दिवस मी थांबलो. ‘नको’ म्हणाला असतात तरी चाललं असतं.”

मास्तरांनी चष्मा वर केला. “कधी विचारलंस?”

ताईंना ठाऊक होतं की एक ‘विसरले’ पुरेल. वय झालेल्या बाईला विसरण्याची माफी मिळते. पहिलवान तर स्वतःच म्हणाले असते, होतं असं. शब्द तोंडाशी आला होता, मऊ, नीट घासलेला. नऊ वर्षांचा सराव होता त्यांना.

“विसरले नाही,” ताई पहिलवानांना म्हणाल्या. “निरोप दिलाच नाही मी. त्यांना मेणाचं विचारलं आणि तुम्हाला ‘बघू’ सांगितलं.”

“का?” हे मास्तर.

“तुम्ही दोघं बोलायला लागला असतात.” ताई म्हणाल्या. “मग माझ्याशी कुणी बोललं नसतं.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. “त्या आठवड्यात,” ते म्हणाले, “घरी कुणी नुसतं बसायला असतं ना…” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. उठले आणि बाहेर गेले. पहिलवान त्यांच्या मागोमाग गेले. दार हळूहळू आपोआप लागलं.

त्या दिवसापासून काचेचं दार उघडं राहू लागलं. पहिल्या सकाळी मास्तर मोठ्यानं म्हणाले, “डबी आवळायला हात दुखतात का रे?” आणि तिकडून उत्तर आलं, “आधी या उशा पातळ करा!” ताईंनी डोळे मिटून घेतले. आता मोडणार, त्यांना वाटलं. काहीच मोडलं नाही. पुढच्या क्षणी मास्तर खो खो हसत होते. दुपारी दोघं एकत्र चहाला गेले. कपडे अडकवायच्या खुंट्यांवरून दोन कोट एकदमच निघाले आणि अर्ध्या तासानं दोन्ही परत आले. ताई त्या खुंट्यांकडे बघत बसल्या. इतकी वर्षं आपण कशाला घाबरत होतो, हे त्यांना त्या वेळी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता हेही.

मालकीणबाईंनी टेबलं हलवली. साचे आता मास्तरांकडून थेट पहिलवानांकडे जायचे. ताईंचं टेबल खिडकीपाशी गेलं, त्या न उघडणाऱ्या. उजेड चांगला येतो, मालकीणबाई म्हणाल्या. तयार कवळी शेवटी ताईंकडे यायची. पहिलवान ठेवून जायचे, “घ्या.” ताई निळा कागद धरायच्या, टकटक, ठिपका, घासणी. मास्तर त्यांच्याशी बोलत नसत. रागानं बघतही नसत. नुसते बघत नसत. नाव मात्र मधल्या ताईच राहिलं, कारण नावं कुणी हलवत नाही.

संध्याकाळी भाजी चिरताना ताई मोजायच्या. घ्या, सहा वेळा. झालं का, दोन वेळा. एकदा कुणी “जरा सरका” म्हणालं तेव्हा त्यांचं काळीज एकदम हललं, पण तो पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस होता.

असे पंचवीस दिवस गेले. सव्विसाव्या दिवशी दुपारी मोटार बंद झाली. पहिलवान हात पुसत आले आणि खिडकीपाशी उभे राहिले. चार वर्षांपूर्वी उभे होते तसेच.

“मास्तरांनी निरोप दिलाय,” ते म्हणाले.

ताईंच्या हातातलं यंत्र तसंच मिटलेलं राहिलं. “काय?”

पहिलवानांनी एकदा मागं पाहिलं. मास्तर पाठमोरे बसले होते, मान मेणावर. “म्हणाले की… ताईंना म्हणावं, मला जरा वेळ लागेल. जरा थांबा म्हणाले.”

नऊ वर्षं ताईंनी मास्तरांचा शब्द न् शब्द ऐकला होता. ‘जरा’ त्यात नव्हता. तो शब्द कुठून येतो, कसा येतो, चार पावलांत कुठं बसवावा लागतो, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“असंच म्हणाले?”

पहिलवान नखांतली गुलाबी धूळ काढू लागले. “असंच,” ते म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल झाले होते.

ताईंनी हजारो निरोप पोचवले होते. आपल्यासाठी कुणी असा गोड करून आणलेला हा पहिलाच. तो खोटा आहे हे कळत असूनही तो किती हवासा वाटतो, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि डोळे भरून आले ते त्यांनी लपवलं नाही.

“त्यांना सांगा,” ताई म्हणाल्या, आणि मग थांबल्या, कारण पुढं काय म्हणायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. स्वतःचा निरोप त्यांनी कधी दिलाच नव्हता. “त्यांना सांगा, मी त्यांचं फार वाईट केलं. आणि मला फार एकटं वाटतं. तेव्हाही वाटत होतं.”

पहिलवानांनी मान हलवली आणि वळले.

“पहिलवान,” ताईंनी हाक मारली. “जसंच्या तसं सांगा. मध्ये काही घालू नका.”

ते मास्तरांच्या टेबलाशी जाऊन वाकले. मास्तरांच्या चिमट्यातला दात मेणाच्या वरती तसाच थांबला. मोटार बंद होती, म्हणून खिडकीपर्यंत सगळं ऐकू आलं. पहिलवानांनी एक शब्दही बदलला नाही.